झिमा, दोन, तीन

पाहुणे, आधी एक सांगा. मापारी समोर पायली घेऊन बसला आहे. तुम्ही विश्वास कशावर ठेवाल, त्याच्या हातावर की त्याच्या तोंडावर?

बहुतेक लोक हातावर म्हणतात. हात दिसतो. अंगठा पायलीच्या आत शिरला की डोळ्याला कळतं, मापावरची शीग नीट लागली की नाही तेही कळतं. आमच्या सावरघोळच्या बाजारात मात्र माणसं मापाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, आणि मघाशी तुम्ही दचकलात तेही त्या तोंडामुळेच. साऱ्या मुलखात पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी चालते. इथे मापाऱ्यानं पहिली पायली ओतली, 'झिमा' अशी हाक घातली आणि हात थांबवला. समोरच्या बाईनं 'ओ' दिला, तेव्हाच तो 'दोन'वर गेला. तुम्ही मान वळवून बघितलंत, कोण झिमा आली म्हणून. कोणी आलेलं नव्हतं. त्या बाईचं नावही झिमा नव्हे.

एकदा खालच्या पेठेतून एक नवा मापारी इथे बसला होता. माणूस चांगला, हात स्वच्छ. त्यानं आपल्या सवयीनं 'लाभ' म्हणून पहिली पायली ओतली, आणि बाजार असा गप्प झाला की त्याला वाटलं, आपल्या पायाखाली कोणाचं मूल आलं. कोपऱ्यातल्या बांगडीवालीनं हातातली बांगडी खाली ठेवली. एका म्हाताऱ्यानं उठून त्याची ओतलेली पायली परत पोत्यात भरली आणि म्हणाला, "पुन्हा घाल. आन नाव घे." बिचाऱ्याला नाव कुठलं माहीत! मग त्याला बसवून चहा पाजला आणि सारं सांगितलं. पुढच्या बाजारी त्याच्याइतक्या मोठ्यानं 'झिमा' कोणी म्हणत नव्हतं.

तुम्हीही बसा. ती वर खिंड दिसते का, दोन काळ्या कातळांमधली? तिच्या पलीकडे सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट माळरान. आश्विन लागला की पावसानं धुतलेलं गवत वरून सोनेरी आणि बुडाशी हिरवं होतं, सोनकीची पिवळी फुलं पायाखाली आल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि वारा असा गार की ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. कडेच्या जाळ्यांवर येरोण्या पिकतात. येरोण्या म्हणजे काळी, चकचकीत, हरभऱ्याएवढी रानबोरं. काटा असा उलटा की हात आत घालताना त्रास नाही, बाहेर काढताना रक्त. तरी माणसं जातात. पहिली येरोणी जिभेवर फुटली की डोळे मिटतात, ओठ आत जातात, आणि पुढच्या क्षणी हात पुन्हा जाळीत असतो. सड्याला पश्चिमेकडे शेवट नाही, कडा आहे. गवत संपतं तिथे एकदम कोकण खाली दिसतं.

या सड्यावर फार पूर्वी जे घडलं त्याची ही गोष्ट, असे सांगतात.

त्या काळी सावरघोळात सदबाशेट नावाचा वाणी होता. कोकणातून मीठ वर आणायचं आणि धनगरवाड्याला देऊन त्याबदली रानचा माल घ्यायचा, हा त्याचा धंदा. आश्विनात येरोण्या घ्यायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, आणि ते आंबटगोड कूट देशावरच्या पेठांत पाठवायचं. शेट शाळा शिकलेला नव्हता, पण मोजणीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वाळत घातलेल्या मिरच्यांवर नजर फिरवून तो पोती सांगायचा, आणि भरल्यावर तेवढीच निघायची. त्याला एका गोष्टीचा मोठा अभिमान होता: सदबाच्या मोजणीत कधी फरक पडला नाही. हे तो स्वतःच सांगे, आणि लोकही मान डोलावत, कारण ते खरं होतं.

मोजताना त्याचा एक नेम होता. मापाऱ्याची जुनी चाल अशी की पुढचं माप येईपर्यंत आधीचा आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे विसर पडत नाही. लाभ हो लाभ, लाभ हो लाभ. दुसरं माप आलं की दोन हो दोन, दोन हो दोन. सदबाशेट हे गळा मोकळा सोडून म्हणायचा. आणि मोजणी चालू असताना कोणी बोललेलं त्याला खपत नसे. आकडा मिटवून, मनात हिशोब बसवून तो 'भरलं' म्हणेपर्यंत समोरच्यानं खोकायचंसुद्धा नाही. बायका त्याला हसायच्या, पण ऐकायच्या.

सड्यावर टोपली हेच माप. सकाळी खिंडीत बसून तो आपल्या टोपल्या वाटायचा, साऱ्या एका बुरडाच्या, एका आकाराच्या. दुपारी त्याच खिंडीत बसून भरलेल्या मोजून घ्यायचा. खिंड हीच वर जायची आणि खाली यायची एकुलती वाट, म्हणून कोणाची टोपली चुकायची नाही. त्याचा आकडा सड्यावरून पार कड्याकडे जायचा, पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर आपटायचा आणि परत यायचा. दोन हो दोन म्हटलं की थोड्या वेळानं कड्याच्या बाजूनं कोणीतरी 'दोन' म्हणायचं. पोरींना त्याची मोठी गंमत.

त्या वर्षी बायकांच्या पुढे झिमा होती. धनगरवाड्यातली, धाकलूची बायको, चार माणसांत आवाज चढा आणि हसणं त्याहून चढं. टोपली घेताना ती शेटला म्हणाली, "शेट, तुमी मोजता तवा मला वाटतं आमच्या मेंढरांस्नी हाक घालताय."

"मेंढरं ऐकतात तरी," शेट म्हणाला. "आणि हे बघ, जाळीत खात बसू नको. खाशील तेवढी टोपली उशिरा भरेल."

"मग काय वाळल्याली खाऊ? ताजी आमी खायाची, वाळल्याली तुमी इकायची. वाटणी झालीया आपली."

सगळ्या हसल्या. त्यांच्या मागून हौसा म्हातारी काठी टेकत आली. तोंडात दात नव्हता, हातात टोपली नव्हती.

"म्हातारे, तुझी टोपली?" शेटनं विचारलं.

"माझी टोपली ही," म्हातारीनं बोळकं उघडून दाखवलं. "मी खायाला चाललीया."

"मग तू माझ्या मोजणीत नाहीस बरं का."

"नगंच मोजूस, लेका. मोजल्यालं माणूस कमी हुतं."

हे सारं थट्टेत झालं. शेट मांडीवर हात मारून हसला, असे सांगतात. हे हसणं त्याला पुढे जन्मभर ऐकू येत राहिलं.

दिवस फार सुंदर होता. बायका पांगल्या, गाणी सुरू झाली, काट्यांना शिव्या सुरू झाल्या. शेट खिंडीत कातळाला पाठ लावून ऊन खात बसला. समोर पिवळा सडा, वर धुतलेलं आभाळ. त्याला कोणीतरी आणून दिलेल्या ओंजळभर येरोण्या त्यानं एकेक करून खाल्ल्या आणि बिया समोरच्या दगडावर नेम धरून उडवल्या. इतका स्वस्थ तो कधी बसला नव्हता म्हणे.

दुपार कलली आणि कोकण वर आलं. घाटमाथ्यावरची माणसं असंच म्हणतात. कड्याखालून पांढरं धुकं उठतं, काठावर क्षणभर थांबतं, आणि मग एका दमात सगळा सडा गिळून टाकतं. आश्विनात असं कधी तरी होतं. शेट उठून उभा राहिला. त्याला स्वतःचा हात धूसर दिसत होता. वरून बायकांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, पण हाका इकडून तिकडून, कोण कुठे ते कळेना.

तेव्हा शेटनं जे केलं ते चांगलं केलं, हे आधी सांगायला हवं. तो खिंडीच्या तोंडाशी कातळावर चढला आणि घसा फोडून ओरडला, "माझ्या आवाजावर या! इकडंतिकडं बघू नका! मी मोजत राहतो, तुम्ही आवाजावर या!" आणि त्यानं मोजणी सुरू केली. लाभ हो लाभ, लाभ हो लाभ. धुक्यातून पहिली बाई आली, तिनं टोपली ठेवली. दोन हो दोन. एकेक बाई त्या आवाजाला धरून, गवतातून पाय चाचपत येत होती. टोपली टेकल्याचा आवाज आला की आकडा पुढे जाई. घसा सुकला तरी तो थांबला नाही. त्या दिवशी त्या आवाजानं किती घरं वाचवली, हेही लोक विसरलेले नाहीत.

सर्वांत शेवटी बमी आली. बमी ही झिमाची धाकटी जाऊ. तिच्या डोक्यावर एक टोपली होती आणि कमरेवर दुसरी. दोन्ही तिनं खाली ठेवल्या. शेटनं एक आकडा घेतला, लगेच दुसरा घेतला, आणि सकाळी वाटल्या तेवढ्या टोपल्या पुऱ्या झाल्या.

"शेट..." बमीनं तोंड उघडलं.

शेटनं हात वर केला. मोजणी मिटायची होती. बमी गप्प राहिली. सवयच तशी होती. शेटनं शेवटचा आकडा एकदाच, लांबवून म्हटला आणि तो थांबला. धुक्यात तो आकडा दूर गेला, सोंडेवर आपटला आणि कड्याच्या बाजूनं परत आला. मग शेट खाली बसला आणि बोटांच्या पेरांवर मिठाचा हिशोब करू लागला. कोणी बोललं नाही. सगळीकडे पांढरं आणि शांत. बमी दोन्ही हातांनी पदर पिळत उभी होती.

हिशोब बसला. शेट समाधानानं म्हणाला, "भरलं."

"शेट, झिमाक्का अजून वर हाय!" बमीचा आवाज फाटला. "हौसा म्हातारी कड्याकडच्या जाळीला गेल्ती, तिला आणाय मागं फिरली. टोपली माझ्याकडं दिली. म्हणाली, शेटचा आवाज हाय तवर काय भ्या न्हाय."

आणि सदबाशेट म्हणाला, "पण तिची टोपली तर आली की."

हे शब्द तोंडातून गेले. समोरच्या बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आपण काय बोललो ते त्याच्या कानात शिरलं. तो कातळावर चढला, पाय घसरून गुडघा फुटला ते त्याला कळलं नाही, आणि तो ओरडू लागला. आकडा कुठला घ्यायचा ते त्याला सुचेना. लाभ हो लाभ, तो ओरडला. लाभ हो लाभ. बायकाही हाका मारू लागल्या. उत्तर आलं नाही. आलं ते त्याचंच 'लाभ', कड्याकडून.

किती वेळ गेला कोण जाणे. मग गवत सळसळलं आणि धुक्यातून काठी दिसली. काठीमागून हौसा म्हातारी आली. एकटी.

ती शेटसमोर येऊन उभी राहिली. धाप लागलेली, ओठांवर येरोणीचा रस. म्हणाली, "कारं लेका, तुझा आवाज का थांबला? आमी त्येच्याच मागनं येत हुतो की."

शेट तिच्या मागच्या धुक्यात बघू लागला.

"झिमानं माझा हात धरला हुता. नीट येत हुतो. मधीच तू गप झालास. मग एकडाव आवाज आला, लांबनं, तिकडनं. ती म्हणाली, आज्जे, हितंच बस, शेट तिकडं हाय वाटतं, मी वाट बघून येते. तिकडं गेली." म्हातारीनं काठीनं दाखवलं. काठी कड्याकडे होती.

मग तिनं शेटकडे नीट बघितलं. चिडून नव्हे, खरंच न कळून विचारलं, "मला तर तू मोजलंच नव्हतंस, मी आले. तिला मोजलंस न्हवं? मग ती कुठाय?"

तेवढ्यात धुकं जसं आलं तसं उठलं. एका क्षणात सारा सडा उघडा पडला. तिरप्या उन्हात सोनकी पिवळीधमक, गवतावर थेंब चमकतायत, आणि त्या सगळ्या देखण्या माळावर एक माणूस नाही. झिमाच्या ओटीत खायला घेतलेल्या येरोण्या होत्या, त्या वाटेत सांडत गेल्या होत्या. काळ्या मण्यांची ओळ गवतातून सरळ गेली होती. शेट त्या ओळीवरून चालत गेला. ओळ काठाशी संपली.

दोर घेऊन खाली उतरलेल्या माणसांना ती सापडली. त्याबद्दल सांगणारे यापुढे बोलत नाहीत, मीही बोलत नाही.

सदबाशेटला कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. दिवसकार्य झाल्यावर धाकलू त्याच्या दारात आला. त्यानं झिमाची खिंडीतच राहिलेली टोपली ओट्यावर ठेवली, भरलेली. शेटनं मिठाचं आख्खं पोतं पुढे ओढलं. धाकलूनं त्याला हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "ही मोजलीस न्हवं? मग ठेव." आणि गेला. त्या येरोण्या शेटनं वाळवल्या नाहीत, विकल्या नाहीत. जिथे ठेवल्या तिथेच त्या सुकल्या, आणि तो रोज त्यांना ओलांडून घरात जात राहिला.

मोजणीत चूक निघाली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असे सांगतात. तो पुन्हापुन्हा मनात मोजायचा, एखादी टोपली कमी निघावी म्हणून. निघत नव्हती. हिशोब बरोबर होता, आणि बाई गेली होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे त्याला कळेना. दुकानात गिऱ्हाईक समोर असताना तो मधेच थांबायचा आणि दाराकडे बघायचा.

पुढच्या आश्विनात येरोण्या पुन्हा पिकल्या. झाडांना काय ठाऊक! धनगरवाड्याला मीठ तर हवंच होतं. बायका वर गेल्या. शेटही गेला, कारण न जाणं त्याला जास्त भयंकर वाटलं. दुपारी तो खिंडीत कातळावर उभा राहिला. ऊन स्वच्छ होतं, धुक्याचं नाव नाही. बमीनं पहिली टोपली आणून ठेवली. शेटनं आवाज काढला, "लाभ हो लाभ."

सोंडेवरून काही परत आलं नाही.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेट पुन्हा ओरडला. लाभ. नाही. त्यानं 'दोन' म्हणून पाहिलं. कड्यानं 'दोन' परत दिलं. 'तीन' म्हटलं, 'तीन' आलं. लाभ म्हटलं की दरी मुकी. शेट कातळावरून उतरला. तो टोपलीशेजारी मटकन खाली बसला. "तिला 'लाभ' चालत नाही," तो म्हणाला. "मी मोजणार नाही. मीठ घेऊन जा, फुकट घेऊन जा."

हौसा म्हातारी त्या वर्षीही खायला आली होती. ती म्हणाली, "फुकटचं कशाला घेतील? मोज की. पण जी राहिली हाय तिला आधी मोज."

शेट उठला. सारं बळ एकवटून त्यानं कड्याकडे हाक घातली, "झिमा!"

आता इथे सांगणाऱ्यांत दोन तट आहेत. वाण्याच्या आळीतले म्हणतात, नावाचा शेवट तेवढा घुमून आला, 'मा', आणि हे कुठल्याही डोंगरात होतं. धनगरवाड्यातले म्हणतात, तिकडून स्पष्ट 'ओ' आला. चढा आवाज, हसरा. बमीनं तो ओळखला आणि तिथेच गुडघे टेकले. दोघेही आपापल्या म्हणण्यावर ठाम आहेत, आणि गंमत अशी की बाजारात 'ओ' द्यायला दोघेही चुकत नाहीत.

शेट टोपलीकडे वळला. मग म्हणाला, "दोन." आणि मोजणी पुढे चालली.

त्यानंतर त्याच्या तोंडी 'लाभ' हा शब्द कोणी ऐकला नाही; पहिल्या मापाला तो 'झिमा' म्हणे आणि समोरून 'ओ' आला की पुढे जाई, तेच बाजारानं उचललं. मोजताना बोलू नये हा नेमही त्यानं मोडला. त्याच्यासमोर कोणी अर्धवट तोंड उघडलं तरी तो पायली खाली ठेवायचा आणि विचारायचा, "काय? कोण राहिलंय?" लोक हसायचे. मग हसायचे बंद झाले आणि स्वतःच तसं विचारू लागले.

आजही आश्विनात सड्यावर बायका येरोण्यांना जातात. माल आता कोणाकडे जातो, पैसे कोण देतो, ते बदललं. पण दुपारी एक माणूस खिंडीतल्या कातळावर चढून हाक देतो, आणि आधी त्यांची नावं घेतो ज्यांच्या हातात टोपली नाही: नुसती खायला आलेली म्हातारी, पाठीवरचं पोर, वाट चुकून आलेला पाहुणा. शेवटचा 'ओ' मिळेपर्यंत तो गप्प बसत नाही, मग टोपल्या पुऱ्या होवोत की न होवोत. तुम्ही उद्या वर जाणार म्हणताय, तर तुमचंही नाव घेतलं जाईल. मोठ्यानं ओ द्या, लाजू नका. आणि कड्याकडच्या जाळीतल्या येरोण्या जास्त गोड असतात हे खरं आहे. तरी अलीकडच्या खा.

हा बघा, तुम्ही विकत घेतलेल्या वाळक्या येरोण्या मोजायला घेतल्या मापाऱ्यानं. पायली भरली, ओतली. हाक मारली, आणि आता तो तुमच्याकडे बघतोय. माल तुमचा आहे, ओ तुम्हीच द्यायचा.

दिलात, बरं झालं. आता एवढंच मागतो, घरी गेलात की हिशोब खरा ठेवा. किती आणलं ते मागाहून मांडा; कोण कोण परत आलं, ते आधी.